मत नव्हतं, पण पत्रकाखाली नाव होतं

४ सप्टेंबर २०२२, रविवार. गौरीजेवणाचा दिवस. कॅनडात, ऑन्टारिओमधल्या आमच्या गावात, माझ्याकडे चौदाजणी जेवायला आल्या होत्या. सगळं यथासांग झालं. संध्याकाळची आरती झाल्यावर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मावशी ओटीचा नारळ घेऊन निघाल्या. "बस आहे की, तुम्ही कोणी उठू नका," म्हणाल्या. पाऊण तासाने माझा नवरा कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर गेला, तेव्हा त्या थांब्यावरच उभ्या होत्या. रविवारी शेवटची बस सात वाजता निघून जाते. मुलगा कामावर, आणि पुन्हा आमचं दार वाजवायचा त्यांना संकोच वाटला होता.

मी गाडी चालवत नाही. रविवारच्या त्या बसची वाट मीही पाहिलेली आहे, हिवाळ्यातसुद्धा. त्यामुळे मावशींना घरी सोडून आल्यावर मला झोप आली नाही.

२४ ऑक्टोबरला ऑन्टारिओभर नगरपालिकांच्या निवडणुका होणार होत्या. आमच्या वॉर्डातल्या एका उमेदवाराच्या पत्रकात पहिलंच आश्वासन रविवार रात्रीच्या बसचं होतं. पण मावशींना मत नाही आणि मलाही नव्हतं. इथल्या स्थानिक निवडणुकीत मत द्यायला कॅनडाचं नागरिकत्व लागतं. मी कायम रहिवासी होते आणि नागरिकत्वाचा अर्ज प्रलंबित होता. मत नाही तर निदान चार घरी सांगावं, या विचाराने मी म्हटलं, आपल्या पैशाने हजारभर पत्रकं छापू आणि वाटू.

नवरा म्हणाला, "आधी विचार. असं परस्पर छापता येतं का ते."

मला हे स्वतःहून सुचायला हवं होतं. माझ्या वडिलांचा कराडला छोटा छापखाना होता. निवडणूक आली की ते कामगारांना बजावायचे, पत्रकाच्या खाली मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता आल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेसाठी १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क आहे, ते त्यांना तोंडपाठ होतं.

सोमवारी लेबर डेची सुट्टी होती. दिवसभर वाचत बसले. ऑन्टारिओचा नगरपालिका निवडणूक कायदा १९९६चा. २०१६ साली त्यात दुरुस्ती झाली आणि २०१८च्या निवडणुकीपासून 'तृतीय पक्ष जाहिरातदार' हा प्रकार आला. म्हणजे स्वतः उमेदवार नसलेला, पण उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात पैसे खर्चून जाहिरात करणारा माणूस, कंपनी किंवा कामगार संघटना. अशांनी आधी नगरपालिकेत नोंदणी करायची. गृहनिर्माण आणि नगरपालिका कामकाज खात्याची एक मार्गदर्शिका मिळते. या वाटेने जाणाऱ्याने पहिल्या दिवशी ती छापून घ्यावी. पेन्सिलीने खुणा केलेली माझी प्रत पुढे सात महिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती.

मंगळवारी ६ तारखेला सिटी क्लर्कच्या, म्हणजे निवडणुकीचं काम बघणाऱ्या नगरपालिका अधिकाऱ्याच्या, कार्यालयात फोन केला. फोनवरच्या बाईंनी आधी मलाच प्रश्न विचारले. जाहिरातीत उमेदवाराचं नाव घेणार आहात का? फक्त 'रविवारी रात्री बस हवी' असं म्हणणार असाल तर ती मुद्द्याची जाहिरात होते, तिला नोंदणी लागत नाही. नाव घेऊन 'यांना मत द्या' म्हटलं की लागते. पैसे खर्च होणार आहेत का? फेसबुकवर स्वतःचं मत फुकट लिहिलं तर ती जाहिरात धरत नाहीत, पण तीच पोस्ट पैसे देऊन जास्त लोकांपर्यंत पोचवली की धरतात.

मग मी धीर करून विचारलं, "मी नागरिक नाही. मतदार नाही. मला चालेल का?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही ऑन्टारिओत राहता ना? मग चालेल."

कायद्यात खरंच तेवढंच आहे: सामान्यतः ऑन्टारिओत राहणारी व्यक्ती. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. तीन वर्षांत या गावाने पहिल्यांदाच मला काही सार्वजनिक करायला परवानगी दिली, असं वाटलं.

माझ्याबरोबर या कामात असलेल्यांपैकी काहींना वाटत होतं, आपल्या सगळ्यांच्या गटाच्या नावाने नोंदणी करावी. ते जमत नाही. नोंदणीकृत कंपनी किंवा संस्था नसलेला नुसता गट पात्र नसतो. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थांना तर कोणत्याही उमेदवाराची बाजू घ्यायला आयकर कायद्याचीच मनाई आहे. त्यामुळे गावातल्या मंडळाचा विषय कोणी काढलाच तर तिथेच थांबवा. राजकीय पक्षही नोंदणी करू शकत नाहीत, आणि जो स्वतः कुठेही नगरपालिकेला किंवा शाळा मंडळाला उभा आहे तोही नाही. शेवटी माझं एकटीचं नाव द्यायचं ठरलं.

शुक्रवारी ९ तारखेला भेटीची वेळ मिळाली. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. आदल्या दिवशी राणी एलिझाबेथ गेल्या होत्या. नगरपालिकेवरचा झेंडा अर्ध्यावर होता, आणि आत सगळे हळू आवाजात बोलत होते. मी पासपोर्ट आणि कायम रहिवासी कार्ड घेऊन गेले होते. ओळख पटली, पण दोन्हींवर पत्ता नाही. वीजबिल नवऱ्याच्या नावावर, घराचा करारही त्याच्याच. बाईंनी शांतपणे सांगितलं, नाव आणि पत्ता दोन्ही असलेला एखादा कागद आणा, बँकेचं स्टेटमेंट चालेल. मला माझी बँक कागदी स्टेटमेंट पाठवत नाही, ते शाखेत जाऊन मागून घ्यावं लागलं. गाडी न चालवणाऱ्या, घरातलं कोणतंच बिल आपल्या नावावर नसलेल्या बायका आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी हा कागद आधीच काढून ठेवावा. संध्याकाळी विसर्जनाला तळ्यावर गेलो, तेव्हा माझ्या पर्समध्ये भरलेला फॉर्म तसाच होता.

सोमवारी १२ सप्टेंबरला नोंदणी झाली. फॉर्म क्रमांक ७. शाईने केलेली मूळ सही लागते, स्कॅन किंवा ईमेल चालत नाही. फी काहीही नाही. नोंदणी फक्त त्या एका नगरपालिकेपुरती असते, शेजारच्या गावात पत्रकं वाटायची तर तिथे वेगळी करावी लागते. त्या वर्षी नोंदणी २ मेला सुरू झाली होती आणि २१ ऑक्टोबरच्या शुक्रवारी बंद होणार होती.

हातात खर्चमर्यादेचं पत्रक मिळालं. सूत्र सोपं आहे: ५,००० डॉलर, अधिक दर मतदारामागे ५ सेंट, आणि गाव कितीही मोठं असलं तरी जास्तीत जास्त २५,००० डॉलर. समजा गावात ६०,००० मतदार असतील, तर मर्यादा ८,०००. मला त्याच्या जवळपासही जायचं नव्हतं. पण एक वाक्य बाईंनी बोट ठेवून वाचून दाखवलं. नोंदणीच्या आधी एक पैसाही घ्यायचा नाही आणि खर्चायचाही नाही. मी सुट्टीच्या दिवशीच छपाईची आगाऊ रक्कम देणार होते. छापखाना बंद होता म्हणून राहिलं.

बँकेत मात्र आठवडा गेला. पैसे घेणार किंवा खर्चणार असाल तर केवळ या कामासाठी वेगळं खातं उघडावं लागतं. आपलं रोजचं खातं चालत नाही, खर्च अगदी शंभर डॉलरचा असला तरी. पहिल्या शाखेतल्या मुलाने हा प्रकार ऐकलाच नव्हता. तो धंद्याचं खातं उघडा म्हणाला, त्याला धंद्याची नोंदणी हवी, ती माझ्याकडे नाही. दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या बँकेत मी मार्गदर्शिकेचं पान आणि नोंदणीची प्रत पुढे ठेवली आणि म्हटलं, मला साधं, दुसरं, वेगळं खातं हवं आहे, यात दुसरा कोणताही व्यवहार होणार नाही. वीस मिनिटांत झालं. महिना ४ डॉलर शुल्क. तो ४ डॉलरही खर्चातच लिहायचा असतो.

पैसे गोळा करणं मला सगळ्यात जड गेलं. एरवी आपण वर्गणी कशी काढतो? डबा फिरवतो, ज्याला जे जमेल ते तो टाकतो, हिशेब वहीत. इथे तसं अजिबात करता येत नाही. २५ डॉलरच्या वरची रक्कम रोख घेता येत नाही. धनादेश, किंवा ज्यात पैसे कोणाकडून आले हे स्वच्छ दिसतं असाच मार्ग हवा. प्रत्येकाला पावती द्यायची. निनावी पैसे आले तर ते आपल्याला ठेवता येत नाहीत, क्लर्ककडे जमा करावे लागतात. नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यातून आले तर पावती दोघांपैकी एकाच्याच नावाने. एका माणसाने एका जाहिरातदाराला जास्तीत जास्त १,२०० डॉलर द्यायचे.

मावशी पन्नासची नोट घेऊन आल्या, पदराच्या टोकाला बांधलेली. ती मला परत करावी लागली. त्या जरा दुखावल्या. "माझ्या पैशाला काय झालं?" म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी बसून नियम मराठीत वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यातला इथला पहिला धनादेश लिहिला आणि मी त्यांना पावती क्रमांक १ दिली. कराडहून भावाचा फोन आला, मी पाचशे डॉलर पाठवतो म्हणाला. त्यालाही नाही म्हटलं. देणारा ऑन्टारिओत राहणारा असला पाहिजे, त्यात भाऊही सुटत नाही.

ज्यांनी एकूण १०० डॉलरपेक्षा जास्त दिले त्यांचं नाव आणि पत्ता हिशेबात लिहावा लागतो, आणि तो हिशेब नगरपालिका सगळ्यांना बघायला ठेवते. हे देणाऱ्याला पैसे घेण्याआधी सांगा. आमच्यातल्या एका काकांनी हे ऐकून १५० दिले आणि म्हणाले, "लिही माझं नाव, चोरी थोडीच केली आहे." दुसऱ्या एकाने विचार करून बरोबर १०० दिले. दोघांचंही बरोबर होतं. आयकरात मात्र या पैशाची सूट मिळत नाही, तेही सांगून ठेवलं.

एकूण पाच जणांकडून ४५० डॉलर जमले: १५०, १००, १००, ५०, ५०. बाकीचे मी माझे घातले, पण एकदम घातले नाहीत. बिल येईल तसे घातले. शिल्लक उरली की ती कुठे द्यायची याचे नियम वेगळे असतात, आणि मला शेवटी शून्यच हवं होतं.

छापणारा आपल्यातलाच निघाला. ५४० डॉलरच्या कामाचे त्याने ४८० लावले. मी आभार मानले आणि मग मार्गदर्शिकेतलं पान वाचलं, तर सवलतीचे ६० डॉलर ही त्याच्या कंपनीने दिलेली देणगीच धरतात. कंपन्यांना उमेदवाराला पैसे देता येत नाहीत, पण तृतीय पक्षाला देता येतात, म्हणून निभावलं. त्याला ६० डॉलरची पावती दिली तेव्हा तो बघतच राहिला.

पत्रकाच्या मजकुराबद्दल एक गोष्ट जपली. ही जाहिरात उमेदवाराच्या सांगण्यावरून होता कामा नये, नाहीतर ती त्यांच्याच प्रचारात आणि त्यांच्याच खर्चात मोजली जाते. त्या उमेदवाराच्या कामात मदत करणारी एक मैत्रीण माझ्या रोजच्या चालण्यातली. तिने सहज विचारलं, "उमेदवार बाईंचा चांगला फोटो पाठवू का?" मी नको म्हटलं. त्या दिवसापासून निवडणूक होईपर्यंत आम्ही दोघी फक्त मुलांबद्दल आणि हवेबद्दल बोललो. फोटोशिवाय पत्रक जरा कोरडं दिसलं, पण मला त्यात शंकेला जागा ठेवायची नव्हती.

पत्रकावर तीन गोष्टी छापाव्याच लागतात: जाहिरातदाराचं कायदेशीर नाव, नोंदणी कोणत्या नगरपालिकेत झाली ते, आणि संपर्कासाठी फोन, पोस्टाचा पत्ता किंवा ईमेल. घरचा पत्ता द्यायला मन धजेना. ईमेल पुरतो, म्हणून नवा ईमेल काढला.

एका स्थानिक साप्ताहिकातही छोटी जाहिरात दिली. त्यांना माझं नाव, त्यांच्याशी व्यवहार कोण करणार तिचं नाव आणि नोंदणीची नगरपालिका हे आधी लेखी द्यावं लागतं, आणि ते कागद त्यांनी चार वर्षं ठेवायचे असतात. छापायच्या आदल्या रात्री नमुना आला. मजकूर ठीक होता, पण चौकटीत बसवताना खालची ओळ कापली गेली होती, माझ्या नावाची. रात्री साडेदहाला फोन, मग ईमेल, मग पुन्हा फोन. सकाळी दुरुस्त नमुना आला, तोवर माझ्या पोटात खड्डा होता. नाव नसलेली जाहिरात निघाली असती तर जबाबदारी माझी होती. व्यक्तीला २५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, हे पान मी नको तेव्हा वाचलं होतं. नमुना पाहिल्याशिवाय 'छापा' म्हणू नका.

पत्रकं ५ ऑक्टोबरला, दसऱ्याला आली. मी गठ्ठ्याला हळदकुंकू लावलं. वडील मशीनला लावायचे तसंच. पुढचे दोन शनिवार-रविवार आम्ही सात जण ती वाटत फिरलो. स्वतःहून, पैसे न घेता केलेली मेहनत देणगीत मोजत नाहीत, तेवढी एक सोय आहे. 'जाहिराती नकोत' लिहिलेली घरं सोडली. पत्रकावर मी एक ओळ घातली होती: २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन आहे, आगाऊ मतदान करून घ्या. मतदानाचा दिवस नेमका दिवाळीत आला होता. ती ओळ वाचून कितीतरी भारतीय घरांतली माणसं दारात थांबून बोलली.

१४ तारखेला त्या नव्या ईमेलवर एक पत्र आलं. लिहिणाऱ्याने नाव दिलं नव्हतं. मी नागरिक तरी आहे का, मला कोणी पैसे दिले, इथल्या निवडणुकीशी माझा काय संबंध, असं बरंच. मी दोन तास काही केलं नाही. हात थरथरत होते हे खरं. मग उत्तर लिहिलं: मी नागरिक नाही, मी या गावात राहते आणि रविवारी बसची वाट पाहते. माझी नोंदणी नगरपालिकेत आहे, तिथे बघता येईल. पैसे कोणी दिले ते मार्चमध्ये हिशेबात दिसेल. पुढे उत्तर आलं नाही. पण त्या रात्री पहिल्यांदा मला पत्रकावरच्या त्या बारीक ओळीचा आधार वाटला. तोवर ती नुसती कटकट वाटत होती. त्या माणसाला हवी असलेली सगळी उत्तरं आधीच सरकारी कागदावर होती. मला लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

२४ तारखेला मतदान दहा ते आठ होतं. नागरिक झालेला नवरा कामावरून येताना मत देऊन आला, मी पूजेची तयारी केली. आमच्या उमेदवार दुसऱ्या आल्या. मला वाईट वाटलं. मावशींना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं, फराळाला ये."

त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण तेच चुकतं म्हणून लिहिते. फेब्रुवारीत क्लर्ककडून आठवणपत्र आलं. हिशेबाचा फॉर्म क्रमांक ८, मुदत ३१ मार्च २०२३, दुपारी दोन वाजेपर्यंत. चुकलं तर पुढे तीस दिवस मिळतात, पण ५०० डॉलर भरून. जमा किंवा खर्च १०,०००च्या वर गेला तर लेखापरीक्षकाचा अहवाल लागतो, मला लागला नाही. माझा हिशेब असा झाला: छपाई करासह ५४२.४०, साप्ताहिक २४८.६०, बँक १६, पावतीपुस्तक ११.३०. रोख खर्च ८१८.३०. त्यात इतरांचे ४५०, माझे ३६८.३०. छपाईवाल्याचे ६० वस्तुरूप देणगी म्हणून जमेतही आणि खर्चातही. फॉर्म भरायला तीन संध्याकाळी लागल्या, कारण ते ६० कुठल्या रकान्यात जातात ते समजेना. दर आठवड्याला लिहून ठेवलं असतं तर एका बैठकीत झालं असतं.

२८ मार्चला मी स्वतः जाऊन दिला. त्याच बाई होत्या. त्यांनी पानं मोजली, शिक्का मारला, पोच दिली. पुढचे ९० दिवस कोणत्याही मतदाराला हिशेब तपासून घ्या असा अर्ज करता येतो. माझ्याबाबत कोणी केला नाही. जूनअखेर ती मुदत संपली, म्हणून आता हे लिहायला बसले.

पुढची निवडणूक २६ ऑक्टोबर २०२६ला आहे. तेव्हा नवी मार्गदर्शिका घ्या, माझ्या आकड्यांवर विसंबू नका.

रविवारची बस अजून सातलाच संपते. कागद मात्र टाकता येत नाहीत, १५ नोव्हेंबर २०२६ला नगरपालिकेची नवीन परिषद येईपर्यंत जपायचे आहेत. पावत्यांचं खोकं मी माळ्यावर ठेवलं आहे, गौरीच्या मुखवट्यांच्या पेटीशेजारी. मुखवटे दरवर्षी काढतेच, तेव्हा ते खोकंही हाताला लागेल.